वाहनांची अंधक्षेत्रे आणि मोटारसायकलचे अपघात

परभणीहून गंगाखेडकडे जाणाऱ्या मार्गावरील पोखर्णी हे गाव श्रीनृसिंहाच्या देवस्थानामुळे मराठवाड्यात सुपरिचित आहे. दर्शनास येणारे भाविक, परभणीस कामानिमित्त जाणारे शेतकरी आणि विद्यार्थी यांपैकी पुष्कळांचे वाहन मोटारसायकल हेच असते. गळीत हंगामात या भागातील रस्त्यांवर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टरही दिसू लागतात. एक वाहन संथ, लांब व रुंद. दुसरे वेगवान व अरुंद. ही दोन वाहने जवळ आली असता पहिल्याच्या चालकास दुसरे दिसते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रश्न किरकोळ नव्हे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीवरील व्यक्तींचे प्रमाण ४४.५ टक्के होते. या सर्वच अपघातांचे कारण अंधक्षेत्र होते असे अर्थातच नाही. तथापि अपघातानंतर चालकाच्या तोंडून निघणारे ‘तो मला दिसलाच नाही’ हे वाक्य आपण सबब म्हणून सोडून देतो. ते पुष्कळदा भूमितीच्या दृष्टीने खरे असते, आणि म्हणूनच ते तपासून पाहिले पाहिजे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. नेत्रपटलावर जेथून दृक्चेता बाहेर पडते तेथे प्रकाशाची संवेदना होत नाही. हा ‘अंधबिंदू’ सतराव्या शतकात मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिला. दोन्ही डोळे उघडे असता एकाची उणीव दुसरा भरून काढतो. त्यामुळे वाहतुकीच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मर्यादित आहे. ‘अंधक्षेत्र’ ही संज्ञा येथे वेगळ्या अर्थाने योजिली आहे. चालकाच्या आसनावरून, प्रत्यक्ष नजरेने वा आरशातून, रस्त्याचा जो भाग दिसू शकत नाही तो त्या वाहनाचे अंधक्षेत्र होय.

अंधक्षेत्राचा पहिला प्रकार वाहनाच्या खांबामुळे निर्माण होतो. समोरच्या काचेलगतचा खांब १२ सेंटिमीटर रुंद असून तो डोळ्यांपासून ७० सेंटिमीटर अंतरावर आहे असे मानू. दोन डोळ्यांमधील अंतर सुमारे साडेसहा सेंटिमीटर धरले, तर ३० मीटरवर दोन्ही डोळ्यांना न दिसणारा पट्टा जवळजवळ २.४ मीटर रुंद भरतो. मोटारसायकलची लांबी सुमारे दोन मीटर असते. म्हणजे ती स्वारासह त्या खांबाआड मावते. शिवाय दोन वाहने स्थिर वेगाने एकाच बिंदूकडे येत असतील, तर एकीच्या चालकास दुसरीची दिशा बदललेली भासत नाही. त्यामुळे खांबाआड सापडलेली मोटारसायकल टक्कर होईपर्यंत तेथेच राहू शकते. पाणंदीवरून मोठ्या रस्त्यास येऊन मिळणारा चालक थांबला नाही, तर नेमकी हीच स्थिती उद्भवते. कडेला तूर किंवा ऊस उभा असेल तर त्यात पिकाच्या भिंतीची भर पडते. हे अंधक्षेत्र पेरणीबरोबर वाढते व कापणीबरोबर नाहीसे होते.

दुसरा प्रकार लादलेल्या मालामुळे उद्भवतो. ट्रॅक्टरचा उजवा आरसा मध्यरेषेपासून एक मीटरवर आहे; त्याच्या अडीच मीटर मागे ट्रॉलीतील उसाची कड मध्यरेषेपासून १.२ मीटरवर आहे, असे मानू. आरशातून मागे जाणारी दृष्टिरेषा त्या कडेला घासून जाते. समरूप त्रिकोणांच्या नियमाने १२ मीटर मागे ती मध्यरेषेपासून सुमारे दोन मीटरवर, तर ३० मीटर मागे ३.४ मीटरवर पोहोचते. या रेषेच्या आत असलेला स्वार आरशात दिसणे शक्य नाही. ट्रॅक्टर ताशी २० व मोटारसायकल ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असेल, तर २५ मीटरचे अंतर अवघ्या तीन सेकंदांत तुटते. याच तीन सेकंदांत आरसा मोकळा पाहून चालकाने उजवीकडील शेतात ट्रॅक्टर वळविला, तर दोघांपैकी कोणीही बेफिकीर नसताना अपघात घडतो.

मालमोटारीची स्थिती याहून थोडी निराळी. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. साहजिकच डावी बाजू त्याच्यापासून दूर व दाराआड राहते. क्लीनरने डावीकडे डोके बाहेर काढून हाळी देण्याची जुनी पद्धत या उणिवेवरचाच उपाय होता. लंडन शहरात, जेथे वाहने आपल्याप्रमाणेच डावीकडून चालतात, चालकास थेट नजरेने किती दिसते यावरून अवजड वाहनांना श्रेणी देण्यात येते. २०२१ च्या मार्चपासून तेथे किमान श्रेणीची सक्ती झाली व २०२४ च्या ऑक्टोबरपासून ती अधिक कडक करण्यात आली.

तिसरा प्रकार मनाचा आहे. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या हॅरी हर्ट यांच्या लॉस एंजेलिस परिसरातील अभ्यासात ९०० अपघातांची जागेवर जाऊन तपासणी झाली होती. दुसरे वाहन गुंतलेल्या अपघातांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांत त्या वाहनाच्या चालकाने मोटारसायकलचा अग्रहक्क डावलला होता, आणि ती वेळीच लक्षात न येणे हे त्याचे प्रमुख कारण होते. अरुंद वस्तू दूर आहे असे वाटते, आणि बहिर्वक्र आरशात ती अधिकच लहान व दूर भासते. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढील दिवा दिवसाही आपोआप लागतो, त्यामागील हेतू हाच. परंतु दिवा अवधानाची उणीव भरून काढू शकतो. उसाच्या मोळ्यांआड असलेल्यास तो दृश्य करू शकत नाही.

यावरून उपायांची विभागणी स्पष्ट होते. प्रकाशाचा मार्ग उलटा करता येतो; म्हणून ज्या स्वारास पुढील वाहनाच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नाही, त्याने आपण चालकासही दिसत नाही असे निश्चित समजावे. चेहरा दिसला तरी त्याने आपणास पाहिले आहे असे मात्र सिद्ध होत नाही. चालकाने वळण्यापूर्वी पुरेशा अंतरावरून इशारा द्यावा, आरसे मालाच्या रुंदीबाहेर येतील अशा दांड्यांवर बसवावेत. रस्त्याच्या तोंडाशी काही मीटर पट्टा बुटक्या पिकाखाली ठेवणे हे शेतकऱ्याच्या हाती आहे.

विद्यार्थ्यांस करता येण्याजोगे एक कामही येथे सुचवावेसे वाटते. उभ्या ट्रॅक्टरवर चालकास बसवून दुसऱ्याने माणसाच्या उंचीची काठी घेऊन भोवती फिरावे व जेथे ती दिसेनाशी होते तेथे खडूने खूण करावी. खुणा जोडल्या की अंधक्षेत्राचा नकाशा जमिनीवर उमटतो. रिकामी ट्रॉली व भरलेली ट्रॉली यांच्या नकाशांतील फरक कोणत्याही उपदेशाहून अधिक बोलका ठरेल.

अपघातानंतर आपण ‘चूक कोणाची?’ असे विचारतो व बहुधा वेगाकडे बोट दाखवून थांबतो. ‘त्या जागेवरून काय दिसू शकत होते?’ हा प्रश्न त्याआधी विचारला गेला पाहिजे. त्याचे उत्तर टेप, खडू आणि साधी भूमिती यांनी मिळते. ते न शोधता दोष ठरविणे म्हणजे पुढील अपघाताची जागा तशीच राखून ठेवणे होय.