कोड नंबर 131

पहाटे 5.10
शटर वर जातं. करवीर तालुक्यातलं गाव, एका खोलीची दूध संस्था, 186 सभासद. सेक्रेटरी गणपतीच्या फोटोला उदबत्ती लावतो आणि मशिनला पाणी पाजतो. 'पाणी पाजणं' हा त्याचाच शब्द. दूध तपासायच्या मशिनच्या नळीतून कोमट पाणी दोनदा फिरवायचं, कालचा चिकट थर निघाला पाहिजे. रिकामी बादली ठेवून काटा शून्यावर आणतो. कॉम्प्युटर जागा व्हायला चार मिनिटं घेतो. तेवढ्यात चहा.

5.35
रांग लागली. इथं नावानं हाक मारायची पद्धत नाही. ''एकशेबारा, पुढं या.'' किटल्या, स्टीलचे डबे, एकाच्या हातात नातवाचा शाळेचा डबा. शेळीएवढीच गाय आहे म्हणतो. दूध काट्यावरच्या बादलीत पडलं की आकडा आपसूक पडद्यावर येतो. मग सॅम्पल, आणि तिथं घाई चालत नाही. ताज्या धारेला फेस असतो. फेस नळीत गेला की मशीन भलतंच सांगतं. साय वर धावते, म्हणून ओगराळ्यानं खालून वर तीनदा ढवळायचं. वरवरचं उचललं तर संस्था बुडते, तळाचं उचललं तर माणूस. छोट्या कपात दूध, कप नळीखाली. मशीन घुरघुरतं. मिनिटभरही लागत नाही, पण तेवढा वेळ रांगेत कुणी बोलत नाही.

पावती फाटते. कोड 131, म्हैस, 4.2 लिटर, फॅट 6.8, एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन घटक) 9.1, दर 56.10, रक्कम 235.62. 131 म्हणजे एक काकू. बाकीचे पावती वाचून चुरगाळतात. काकू चार घड्या करून कमरेच्या पिशवीत ठेवतात. दोन दिवसांत कागदाचे तीन रोल संपतात, त्यातला एखादा हात काकूंच्या घरात असेल.

6.20
कोड 47. गाय. फॅट 3.0. सेक्रेटरी रांग थांबवून मागचे दिवस उघडतो: 3.6, 3.3, आज 3.0.

''तात्या, कडबा संपला काय?''

''चार दिस झालं. नुसती ओली वैरण हाय.''

''मग फॅट लागंल कुठनं? दोन-चार पेंढ्या उसन्या आणा कुणाकडनं.''

तात्या मान हलवतात. डॉक्टर नाही, तपासणी नाही. तीन आकडे एकाखाली एक लागले, एवढंच. सेक्रेटरी बारावी झालेला आहे. पगार महिना साडेनऊ हजार, दिवाळीला एक पगार जादा. मदतनिसाला सहा हजार.

8.05
शेवटची किटली. आता दिवसाचा खरा हिशेब. गावानं घातलेलं म्हशीचं दूध 412 लिटर, सरासरी फॅट 6.9. बरण्या दूध संघाच्या गाडीत चढतात. एक बरणी भरली की चाळीस किलोच्या वर; मदतनीस गुडघ्याचा टेकू देऊन उचलतो.

कालच्या दुधाची संघाची स्लिप गाडीबरोबर आली आहे. काल गावची फॅट 6.9 होती, संघाची 6.7. बिंदू दोनचा फरक. चारशे लिटरला तो पाऊण किलोच्या वर फॅटचा फरक होतो आणि त्याचे पैसे संस्थेच्या खिशातून जातात. फॅट वाटेत सांडत नाही. म्हणजे एक तर आपलं मशीन चढं दाखवतंय, नाही तर बरणी नीट न ढवळता तिकडं सॅम्पल काढलं. सेक्रेटरी वहीत तारीख, दोन्ही आकडे आणि 'मशीन वरचढ?' असं लिहितो. सलग तीन दिवस असंच आलं तर तो मशीनवाल्याला फोन करतो. त्याआधी नाही, मशीनवाला यायचेच पाचशे घेतो.

11.00
बिल्ल्यांचं काम. 2024 साली राज्य सरकारनं गायीच्या दुधाला लिटरमागं 5 रुपये अनुदान दिलं तेव्हा हे मागं लागलं. गायीच्या कानातला 12 आकडी बिल्ला, मालकाचं आधार आणि बँक खातं, तिन्ही एकमेकांशी जुळलं पाहिजे. एका गायीच्या बिल्ल्यावरचा 6 शेणानं झाकून 8 झाला होता. पैसे अडकले. सेक्रेटरी गोठ्यात गेला, ओल्या फडक्यानं कान पुसला, फोटो काढून आणला. गायीनं लाथ मारली ती कुठल्याच रकान्यात भरलेली नाही.

दुपारी 3.00
काकू आल्या. पायरीवरच बसल्या.

''सेक्रेटरी, दाखला पाहिजे वर्साचा. बँकेत मागितलाय.''

दुसरी म्हैस घ्यायची आहे, लाखभर तरी लागणार. सातबाऱ्यावर काकूंचं नाव नाही, घर सासऱ्यांच्या नावावर. कोड 131 मात्र त्यांचा. सेक्रेटरी बारा महिने काढतो. प्रिंटर कुरकुरत एकेक ओळ सोडतो. 2,106 लिटर, रक्कम 1 लाख 14 हजारांच्या आसपास. मधले दोन महिने शून्य.

''हे शून्य कशाला छापलं?'' काकू आकडे वाचतात, हे तेव्हा कळलं.

''म्हैस आटली हुती न्हवं? काढून टाकलं तर सायेब म्हणंल खोटा हाय.''

काकू थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, ''ऱ्हाऊ दे.'' पशुखाद्याची कपात वेगळ्या रकान्यात आहे. पोतं दीड हजाराच्या पुढं गेलंय. सही, शिक्का, पुन्हा शिक्का, कारण पहिला पुसट उठला. दाखल्याचे दहा रुपये. काकूंनी पाचची दोन नाणी मोजून ठेवली.

5.30
पुन्हा पाणी, पुन्हा काटा, पुन्हा रांग. तात्यांची फॅट 3.1. एका वेळेच्या कडब्यानं काही होत नाही, सेक्रेटरी सांगतो, पण तात्या पावती खिशात घालून गेले.

रात्री 8.40
आज 10 तारीख. दहा दिवसांचं बिल काढायचं. 186 कोड, दूध, खाद्य, उचल, शेअर्स, शिल्लक. सगळं पेनड्राइव्हवर घेतो आणि लाल वहीत हातानंही लिहितो. मागं एकदा सॉफ्टवेअर बदललं तेव्हा दोन वर्षांचे आकडे गेले; दिवाळीचा दरफरक वहीवरून वाटला होता. पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात, वही कपाटात, किल्ली जानव्याला.

पेनड्राइव्ह 350 रुपयांचा. त्याची पावती कमिटीनं अजून मंजूर केलेली नाही.