१६ तासांचा विमानप्रवास आणि पायातली गुठळी

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानालाही ते कापायला साधारण १५ ते १६ तास लागतात. सॅन फ्रान्सिस्को त्याहून हजारेक किलोमीटर लांब. मुलाकडे किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेले आई-वडील बॅगांचे वजन दोनदा करतात, रक्तदाबाच्या गोळ्या मोजून घेतात. पण इतके तास एकाच जागी बसल्यावर पायातल्या रक्ताचे काय होते, याचा विचार सहसा होत नाही.

पायातले रक्त हृदयाकडे वर चढवण्याचे मोठे काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळतात आणि खोलवरच्या शिरा दाबल्या जाऊन रक्त वर ढकलले जाते. बसून राहिले की हा पंप जवळजवळ बंद पडतो. साचलेल्या रक्ताची गुठळी होऊ शकते. यालाच डीप व्हेन थ्रॉम्बोसिस म्हणतात. ही गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, तर जिवावर बेतते.

दोष विमानाचा कमी, बसून राहण्याचा जास्त. १९४० मध्ये लंडनवर बॉम्बहल्ले होत असताना आश्रयस्थळांत रात्र रात्र खुर्चीवर बसून काढणाऱ्यांमध्ये अशा मृत्यूंची नोंद झाली होती. लांबच्या बस किंवा मोटारप्रवासातही हा धोका असतो.

घाबरून तिकीट रद्द करण्याचे मात्र कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जाहीर केलेल्या संशोधनानुसार चार तासांहून अधिक प्रवासात हा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही निरोगी माणसात तो साधारण ६,००० मध्ये एक इतकाच राहतो. पूर्वी गुठळी झालेले, कर्करोगाचे उपचार घेणारे, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, गर्भवती व बाळंतिणी, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया आणि फार स्थूल व्यक्ती यांना तो जास्त असतो. त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे.

इतरांना साधे उपाय पुरतात. शक्यतो मधल्या वाटेकडची जागा घ्यावी. तासा-दोन तासांनी उठून चार पावले चालावे. बसल्या जागी टाचा आणि चवडे आळीपाळीने उचलावेत. पायाशी बॅग ठेवून जागा अडवू नये. पाणी पीत राहावे. मद्य आणि झोपेची गोळी टाळावी, कारण त्यांनी माणूस तासन् तास हलत नाही. दाब देणारे पायमोजे उपयोगी असतात, पण ते मापाचेच हवेत. मधुमेहामुळे पायाचा रक्तपुरवठा कमी झालेल्यांनी ते विचारल्याशिवाय घालू नयेत. गुठळी टाळण्यासाठी मनानेच अ‍ॅस्पिरिन घेऊ नये.

लक्षणे विमानातच दिसतील असे नाही; ती पुढच्या काही आठवड्यांतही दिसू शकतात. दोन्ही पायांवर थोडी सूज येणे नेहमीचे आहे. पण एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अचानक धाप लागली, छातीत दुखले किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर थेट रुग्णालय गाठावे आणि विमानप्रवास झाल्याचे आवर्जून सांगावे.

परदेशातल्या खर्चाच्या धास्तीने ‘भारतात परतल्यावर बघू’ म्हणून अनेक जण दुखणे अंगावर काढतात. इथे ते महागात पडते. परतायचे म्हणजे तो दुखरा पाय घेऊन पुन्हा तितकेच तास बसणे आले. म्हणून प्रवासी आरोग्य विमा निघण्यापूर्वीच काढावा आणि दुखणे जिथे सुरू झाले, तिथेच दाखवावे.