तापाची रात्र आणि पेशींचा हिशेब

कळमन्याच्या बाजारात मिरचीचे पोते काट्यावर चढल्यावाचून सौदा पुरा होत नाही. कर्करोगाच्या रुग्णाचा जीवही अनेकदा अशाच एका मोजमापावर अवलंबून असतो, याची जाणीव मात्र आपल्याकडे पुरेशी रुजलेली नाही. हे मोजमाप म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशींची गणना होय.

निरोगी प्रौढाच्या दर घनमिलिमीटर रक्तात या पेशी साधारणतः ४,००० ते ११,००० असतात. त्यांतील न्यूट्रोफिल पेशी जंतूंवर पहिला हल्ला चढवितात. कर्करोगावरील औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारतात; अस्थिमज्जेत या रक्षक पेशीही वेगाने घडत असल्याने त्याही त्या माऱ्यात सापडतात. औषध दिल्यानंतर बहुधा सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास त्यांची संख्या तळ गाठते. ती ५०० च्या खाली असताना आलेला ताप हा साधा ताप नव्हे. अशा वेळी शिरेतून प्रतिजैविक तातडीने, शक्यतो तासाभरात, मिळाले नाही तर मृत्यूही ओढवू शकतो.

अहवाल वाचतानाही सावध राहावयास हवे. न्यूट्रोफिल ६० टक्के, हा आकडा दिसावयास निर्दोष. परंतु एकूण पेशीच ७०० असतील तर प्रत्यक्षात न्यूट्रोफिल उरतात अवघ्या ४२०! टक्केवारीने दिलासा दिला, तरी धोका टळलेला नसतो.

अलीकडे या क्षेत्रात मोठी झेप घेतली गेली आहे. रुग्णाच्याच टी-पेशींत बदल करून रक्ताच्या काही कर्करोगांवर त्या परत देण्याची, मुंबईच्या आयआयटीत विकसित झालेली उपचारपद्धती २०२३ मध्ये मान्य झाली. तिचा आपणांस अभिमान वाटावा हे योग्यच. तथापि, 'प्रतिकारशक्तीची संपूर्ण तपासणी' म्हणून महागड्या चाचण्यांचा मोह धरण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. शरीरातील लिम्फोसाइट पेशींपैकी सुमारे दोन टक्केच कोणत्याही क्षणी रक्तात असतात. गाठीच्या आत चाललेल्या झुंजीचे पुरते चित्र त्यांवरून उमटत नाही. याउलट साधी गणना स्वस्त आहे, आणि तिच्यावरून काय करावयाचे हेही निश्चित आहे.

विदर्भात खर्ऱ्याने घरोघरी ठाण मांडले आहे आणि तंबाखू व सुपारी ही तोंडाच्या कर्करोगाची सिद्ध कारणे आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयात किंवा जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये दिवसा औषध घेऊन रुग्ण घरी परततो. ताप मात्र आठ-दहा दिवसांनी, मध्यरात्री, कळमन्यातील हमालाच्या खोलीत किंवा भंडाऱ्याकडील एखाद्या खेड्यात येतो. त्या वेळी मोठे रुग्णालय दूर असते आणि घरातील माणसे सकाळची वाट पाहतात. ती वाट पाहणेच घातक ठरते.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्याच्या शासकीय रुग्णालयात ही गणना रात्रीही व्हावी आणि प्रतिजैविकाची पहिली मात्रा, अहवालासाठी न थांबता, तेथेच मिळावी. औषध दिल्याची तारीख आणि '१००.४ अंशांच्या वर ताप गेल्यास तत्काळ रुग्णालयात या' ही सूचना मराठीत लिहिलेले कार्ड प्रत्येक रुग्णाच्या हाती असावे. कर्करोगाशी महिनोन् महिने झुंजणारा माणूस एका रात्रीच्या तापाने दगावावा, हे दैव नव्हे. ती व्यवस्थेतील उणीव आहे, आणि ती भरून काढणे आपल्या आवाक्यात आहे.