आत राहून झगडलेला धर्मपंडित

26 नोव्हेंबर 1994 रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ईव्ह काँगार या फ्रेंच डॉमिनिकन धर्मगुरूंना कार्डिनल केलं. काँगार तेव्हा नव्वदीत होते. मज्जासंस्थेच्या जुन्या आजाराने शरीर जखडलं होतं आणि पॅरिसमधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात त्यांचे दिवस जात होते. ऐंशी उलटलेल्या कार्डिनलला पोपच्या निवडणुकीत मत नसतं, म्हणजे हा केवळ मान होता. पुढच्याच जूनमध्ये ते वारले. ज्या रोमने हा मान दिला, त्याच रोमने चाळीस वर्षांपूर्वी त्यांना शिकवायला बंदी केली होती.

त्यांचा जन्म 1904चा, फ्रान्सच्या ईशान्य सरहद्दीवरच्या सेदाँचा. 1914च्या ऑगस्टमध्ये जर्मन फौजा तिथे शिरल्या आणि त्यांनी तिथलं कॅथलिक चर्च जाळलं. आईच्या सांगण्यावरून दहा वर्षांचा ईव्ह रोजनिशी लिहू लागला, तिच्यात चित्रंही काढू लागला. चर्चच उरलं नाही, तेव्हा प्रोटेस्टंट पाळकांनी आपलं छोटं प्रार्थनागृह कॅथलिकांना वापरायला दिलं. पुढची काही वर्षं मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, तिथेच होत असे. त्या काळी दोन्ही पंथांत किती दुरावा होता हे लक्षात घेतलं, तर या शेजारधर्माचं मोल कळतं. ख्रिस्ती ऐक्याच्या आपल्या ध्यासाचं मूळ काँगार याच अनुभवात शोधत.

1925 साली ते डॉमिनिकन संघात गेले, 1930 साली धर्मगुरू झाले. त्या वेळच्या गुरुविद्यालयांत धर्मशास्त्र म्हणजे व्याख्यांचं पाठांतर असे. काँगारांचे गुरू मारी-दोमिनिक श्न्यू यांनी त्यांना इतिहासाची वाट दाखवली : आजचा नियम कुठून आला, पहिल्या शतकांतली ख्रिस्तसभा, म्हणजे चर्च हा श्रद्धावंतांचा समाज, कशी वागत होती, हे मुळातून तपासायचं. 1937 साली त्यांनी दुभंगलेल्या ख्रिस्ती समाजावर ग्रंथ लिहिला. मग युद्ध आलं. 1940 ते 1945 ते जर्मनांचे युद्धकैदी होते. त्यातला काही काळ कोल्डित्झच्या किल्ल्यात गेला. पळून जाण्याचे प्रयत्न करणाऱ्या अधिकाऱ्यांना तिथे ठेवत.

त्यांचा खरा कस लागला तो 1950च्या ग्रंथाने. ख्रिस्तसभेतली खरी सुधारणा कोणती आणि खोटी कोणती, हा त्याचा विषय. खऱ्या सुधारणेसाठी त्यांनी चार अटी सांगितल्या. प्रेम आणि लोकांची आध्यात्मिक काळजी यांना पहिलं स्थान हवं, साऱ्या समाजाशी नातं तुटता कामा नये, विलंब सोसण्याचा धीर हवा आणि नव्याची ओढ मूळ परंपरेच्या खोल झऱ्याकडे नेणारी हवी. यात बंडखोरी कुठे दिसते? तरी 1952 साली रोमने या ग्रंथाच्या पुनर्मुद्रणाला आणि भाषांतरांना मनाई केली. कारखान्यांत मजुरी करून कामगारांत राहणाऱ्या धर्मगुरूंची काँगारांनी बाजू घेतली होती. तो प्रयोग 1954 साली मोडीत निघाला, तेव्हा श्न्यू आणि काँगार यांनाही पॅरिस सोडावं लागलं. जेरुसलेम, रोम, केंब्रिज असं त्यांना फिरवण्यात आलं. प्रत्येक लिखाणावर पहारा होता, आरोप मात्र नेमके सांगितले जात नव्हते.

काँगारांनी आज्ञा पाळली. पण त्यांच्या मृत्यूनंतर छापलेल्या रोजनिशीत त्या वर्षांचा संताप धगधगत राहिला आहे. 1956च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी केंब्रिजहून आईला तिच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त पत्र लिहिलं. माझी माणसं, माझं शिकवणं, माझं काम सगळं हिरावून घेतलंय, मी आतून संपलोय, असा त्याचा आशय आहे. पंचविशी नव्हे, पन्नाशी ओलांडलेला व्रतस्थ विद्वान आईपाशी हे बोलतो आहे. दुखावलेल्यांना गप्प बसवायला काँगारांच्या धीराचा दाखला देणाऱ्यांनी हे पत्र आधी वाचावं. हा धीर त्यांना फार महाग पडला होता, आणि अन्यायाला अन्याय म्हणायचं त्यांनी कधी सोडलं नाही.

1960 साली तेविसावे जॉन यांनी त्यांना विश्वपरिषदेच्या पूर्वतयारीत बोलावलं. 1962 ते 1965 या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत दोन हजारांहून अधिक बिशप होते. आजारी काँगार पाय ओढत समित्यांच्या बैठकांना जात, रात्री मसुदे लिहीत. ख्रिस्तसभा, धर्मप्रसार, धर्मगुरूंचं जीवन, ख्रिस्ती ऐक्य अशा अनेक दस्तऐवजांत त्यांचा हात आहे. मातृभाषेतल्या उपासनेची वाट याच परिषदेने मोकळी केली. आज वसईच्या चर्चमध्ये मराठीत मिस्सा होते आणि प्रापंचिक माणूस वेदीजवळ उभा राहून बायबल वाचतो, ते त्यामुळेच. उपासनेचा दस्तऐवज प्रामुख्याने काँगारांचा नव्हे. पण प्रापंचिक म्हणजे केवळ धर्मगुरूंची आज्ञा झेलणारा जमाव नाही, ही भूमिका त्यांनी 1953च्या ग्रंथातच सविस्तर मांडली होती.

तो विचार अजून पुरता अमलात आलेला नाही. बिशपांच्या सभेआधी जगभरच्या श्रद्धावंतांचं म्हणणं ऐकण्याची प्रक्रिया पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर 2021मध्ये सुरू केली. उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी काँगारांचं नाव घेतलं आणि आधार घेतला तो त्याच 1950च्या ग्रंथातल्या विचाराचा : ख्रिस्तसभा दुसरी उभारायची नाही, आहे तीच वेगळी करायची. दोन वर्षांनी रोममध्ये सभा भरली, तेव्हा स्त्रियांना पहिल्यांदाच मताचा हक्क मिळाला.