रेवदंडा-कोर्लईला जाताय? आधी तिथी बघा, मग बॅग भरा

सुट्टी लागली की गावागावांतून गाड्या भरून कोकणात निघतात. अलिबागला पोचायचं, पाण्यात डुंबायचं, फोटो काढायचे आणि परत यायचं. पण अलिबागहून मुरूड रस्त्याने साधारण १७ किलोमीटर पुढे गेलं की रेवदंडा लागतं. तिथली खाडी ओलांडली की कोर्लई. इथे समुद्र तर आहेच, शिवाय सव्वादोनशे वर्षांचा पोर्तुगीज इतिहासही आहे.

पोर्तुगीज इथे का आले?

रेवदंड्याला लागून असलेलं चौल हे जुनं मोठं बंदर. १५२१ साली अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी इथे ठाणं उभारायला घेतलं. समोरच्या कोर्लईच्या डोंगरावर निजामशाहीचा किल्ला होता, तो त्यांनी १५९४ मध्ये जिंकला. खाडीच्या दोन्ही तोंडांवर तोफा आल्या. मग त्यांना टाळून जहाज आत जाणार कुठून?

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीजांचं उत्तर कोकणातलं बळ संपलं. १७४० च्या तहाने रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले.

किल्ला गेला, बोली राहिली

पोर्तुगीज गेले, पण कोर्लईतली ख्रिस्ती कुटुंबं गावातच राहिली. पोर्तुगीज आणि मराठी मिसळून तयार झालेली बोली ती आजही घरात बोलतात. तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास. बाहेर मराठी लागते, शाळेत मराठी-इंग्रजी, त्यामुळे ही बोली पुढच्या पिढीत किती टिकेल हा प्रश्नच आहे.

आपल्याला हे परकं वाटेल. पण पाव, बटाटा, चावी, बादली, काजू, पगार हे शब्द आपल्याकडेही पोर्तुगीजांकडूनच आलेत.

भरती कधी, हे घरीच काढा

रेवदंड्याला तटबंदी थेट किनाऱ्याला लागून आहे. ओहोटीला वाळूवरून चालत ती छान बघता येते. भरतीला मात्र पाणी बरंच वर येतं. म्हणून कोकणातला जुना हिशोब लक्षात ठेवा: तिथीला ३ ने गुणा, ४ ने भागा. येईल ती भरतीची साधारण वेळ. चतुर्थी असेल तर ४ × ३ = १२, भागिले ४ = ३. म्हणजे दुपारी ३ आणि पहाटे ३ च्या सुमारास पूर्ण भरती. त्याच्या साधारण सहा तास आधी-नंतर ओहोटी. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा १ पासून मोजायची.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. हिशोब अंदाजाचा आहे, म्हणून पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना विचारा. ते ‘नको’ म्हणाले तर नकोच. विहिरीत, नदीत पोहणाऱ्यालाही समुद्राची ओढ कळत नाही. पाणी ओसरताना ती माणसाला आत नेते. पावसाळ्यात तर पाण्यात उतरूच नका. अडचण आलीच तर ११२ वर फोन करा.

एवढं पाळा

• रेवदंड्याच्या तटाच्या आत लोकांच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आणि घरं आहेत. विचारल्याशिवाय आत शिरू नका.
• कोर्लईचा किल्ला चढायचा तर सकाळी लवकर निघा, पाणी खालूनच भरून घ्या. वर पडक्या चर्चचे अवशेष आणि तोफा आहेत. भिंतींवर नावं कोरू नका.
• ‘तुमची भाषा बोलून दाखवा’ म्हणत कुणाच्या तोंडासमोर मोबाईल धरू नका. आधी ओळख करा, दोन शब्द बोला. त्यांना वाटलं तर ते स्वतःहून ऐकवतील.

आपल्या गावात कुणी पाहुणा आला तर त्याने कसं वागावं असं आपल्याला वाटतं? तसंच तिथे वागायचं.