दोन श्वासांच्या मधली जागा

तीन मजले धावत चढा आणि वर पोहोचल्या पोहोचल्या सुईत दोरा ओवायला घ्या. छाती भात्यासारखी हलते, बोटांच्या टोकांत ठोके जाणवतात, दोऱ्याचं टोक नेढ्याच्या कधी अलीकडे, कधी पलीकडे. आता हेच बर्फात, गोठवणाऱ्या थंडीत, पाठीवर किमान साडेतीन किलोची रायफल वागवत करायचं. तेही एकदा नव्हे, ओळीने पाचदा. बायथलॉन या खेळाचं मर्म एवढंच आहे. पोलंडच्या मागदालेना ग्विझ्दोनने तारुण्याची सगळी वर्षं या एका गोष्टीला दिली.

खेळ सांगायला सोपा. बर्फावरून स्की घालून धावायचं, मधेच थांबून पाच गोळ्या झाडायच्या, पुन्हा धावायचं. महिलांची स्प्रिंट शर्यत साडेसात किलोमीटरची. तिच्यात दोन थांबे: पहिल्यांदा पालथं पडून नेम धरायचा, दुसऱ्यांदा उभं राहून. नेम चुकला की प्रत्येक चुकीमागे दीडशे मीटरची जादा फेरी. त्यात पंचवीसेक सेकंद जातात, आणि या शर्यतीत पहिली आणि पाचवी यांच्यातलं अंतर अनेकदा त्याहून कमी असतं. वैयक्तिक शर्यतीत तर प्रत्येक चुकीला सरळ एक मिनिट वाढतं.

लक्ष्य पन्नास मीटरवर असतं. क्रिकेटच्या अडीच खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या, तर तेवढं अंतर होईल. उभं राहून मारायचं लक्ष्य साडेअकरा सेंटीमीटरचं, म्हणजे सीडीपेक्षा किंचित लहान. पालथं पडून मारायचं लक्ष्य साडेचार सेंटीमीटरचं, म्हणजे एखादं लिंबू. ते जवळ दाखवणारी दुर्बीण रायफलीवर चालत नाही. डोळ्याजवळ एक बारीक भोक आणि नळीच्या टोकाला एक कडी, बस्स. या दोहोंत सत्तर सेंटीमीटर अंतर धरून मी गणित करून पाहिलं. नळीचं टोक एक तृतीयांश मिलिमीटर जरी सरकलं, तरी लिंबाच्या मधोमध धरलेली गोळी लिंबाबाहेर जाते. एक तृतीयांश मिलिमीटर!

आणि नळी हलवणारं यंत्र खेळाडूच्या छातीतच असतं. चढ चढून आलेल्या खेळाडूचं हृदय मिनिटाला 170-180 वेळा धडधडत असतं, म्हणजे सेकंदाला तीन ठोके. पालथं पडल्यावर रायफलीचा पट्टा दंडाला आवळलेला असतो. दंडातून मोठी रक्तवाहिनी जाते, तिचा ठोका पट्ट्यात येतो आणि पट्ट्यातून रायफलीत. उभं राहिलं की दमलेले पाय थरथरतात आणि सगळं अंगच डोलतं.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि स्वप्निल कुसाळे यांच्यामुळे पन्नास मीटर रायफल हे शब्द आपल्या ओळखीचे झाले आहेत. अंतर तेच, काडतूसही त्याच पॉइंट बावीस बोअरचं. मात्र तिथे नेमबाज आधी मन आणि नाडी शांत करतो, मगच चापावर बोट ठेवतो. बायथलॉनमध्ये नाडी शांत व्हायची वाट पाहणारा हरतो. नाडी धावत असतानाच तिच्यात एक फट शोधावी लागते.

ती फट श्वासात सापडते. श्वास सोडला की पुढचा घेण्याआधी शरीर क्षणभर आपोआप थबकतं. तुम्ही आत्ता वाचतानाही थबकत असाल. चाप ओढायचा तो त्याच क्षणी. चापाला निदान अर्ध्या किलोचा दाब लागतो. त्यातला बहुतेक आधीच देऊन ठेवायचा आणि उरलेला कणभर त्या थबकण्यात द्यायचा. गोळी सुटते, अंगठा आणि तर्जनी खटका मागेपुढे करून नवं काडतूस भरतात, एक श्वास, पुन्हा थबकणं. पाच गोळ्या अर्ध्या मिनिटात संपतात.

मागदालेनाचा जन्म 1979चा, दक्षिण पोलंडमधल्या च्येशिन गावचा. हा बेस्किद डोंगरांच्या पायथ्याचा मुलूख. 2002 साली सॉल्ट लेक सिटीत ती पहिलं ऑलिम्पिक खेळली. 2006मध्ये स्वीडनच्या ओस्टरसुंद इथे तिने विश्वचषक मालिकेतली स्प्रिंट जिंकली, तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. त्यानंतर सहा हिवाळे आले आणि गेले, दुसरा विजय काही आला नाही. इतक्या काळात कित्येक जणी रायफल भिंतीला टांगतात. ती धावत राहिली.

मग 2013 उजाडलं. फेब्रुवारीत झेक देशातल्या नोव्हे म्येस्तो इथल्या जागतिक स्पर्धेत तिच्या संघातल्या क्रिस्तिना पाउकाने पाठलागाच्या शर्यतीत रौप्य मिळवलं, आणि एकवीस वर्षांच्या मोनिका होयनिशने सामूहिक प्रारंभाच्या शर्यतीत कांस्य. मार्चमध्ये सोचीला, पुढच्या वर्षी जिथे ऑलिम्पिक व्हायचं होतं त्याच मार्गावर, तेहेतीस वर्षांच्या मागदालेनाने स्प्रिंट जिंकली. दोन वर्षांनी फिनलंडमध्ये वेरोनिका नोवाकोव्स्काने जागतिक स्पर्धेत रौप्य आणि कांस्य अशी दोन पदकं घेतली.

या चौघी 2018 साली प्योंगचांग ऑलिम्पिकमध्ये रिलेसाठी एकत्र उतरल्या. रिलेत पाच लक्ष्यांसाठी आठ गोळ्या मिळतात, पण जादा तीन एकेक करून हातानं भराव्या लागतात, गारठलेल्या बोटांनी, मागून दुसरी धापा टाकत येत असताना. मागदालेनाचं ते पाचवं ऑलिम्पिक, वय अडतीस. पोलंड सातवा आला. ऑलिम्पिक पदक तिला कधीच मिळालं नाही.

तरी तिची कारकीर्द मला पदकवाल्यांच्या तोडीची वाटते. वेग वयानुसार कमी होतो. धडधडणाऱ्या छातीत ती स्थिर जागा शोधण्याची विद्या मात्र वर्षांनीच मुरते. पुढे कधी ही शर्यत टीव्हीवर लागली, तर पहिल्या गोळीआधी खेळाडूच्या पाठीकडे पाहा. ती वर जाते, खाली येते आणि मग क्षणभर काहीच हलत नाही. शर्यत तिथे ठरते.