हात मागं पडतो तेव्हा

"अरे बाळा, थाप मी आत्ता मारतोय अन् ऐकू मागून येतीय." पखवाजवाले मामा हेडफोन काढून माझ्याकडे बघत होते. धुमेला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, नुकतीच ओली कणीक लावलेली, बोटांना अजून पीठ. सराला बेटाच्या परंपरेतल्या सप्ताहांत रात्र रात्र वाजवलेला हात तो. श्रीरामपुरातल्या आमच्या मागच्या खोलीत हरिपाठ रेकॉर्ड करायला बसलो होतो. हात बरोबर होता, चुकत होता माझा कॉम्प्युटर.

कॉम्प्युटर आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतो आणि ठरावीक संख्येचा घास करून गिळतो. त्या घासाला बफर म्हणतात. माझा बफर १०२४ वर होता, म्हणजे जाताना २१ मिलिसेकंद आणि येताना तेवढेच. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. मामांचा पखवाज मांडीवर होता आणि ऐकू येत होता जणू पंधरा मीटरवरून. अशाने कोणीही बिचकेल. बफर १२८ वर आणला की हेच अंतर दोन मीटरच्या आसपास येतं. भजनात शेजारचा टाळकरी बसतो तेवढं. पण घास लहान झाला की यंत्राला दम खायला उसंत मिळत नाही. जरा उशीर झाला की आवाजात चटचट येते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तेच होत होतं.

त्या रात्री माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या इंटरफेसवरच्या डायरेक्ट मॉनिटरच्या बटणानं भागलं; माइकचा आवाज कॉम्प्युटरला वळसा घालून थेट कानात. पण मिडी कीबोर्डवर स्वरमंडळ वाजवायचं तर आवाज तयारच कॉम्प्युटरमध्ये होतो. तिथे हे बटण कामाचं नाही. नवं मशीन घ्यावंच लागलं.

दुकानदार महागड्या ग्राफिक्स कार्डावर अडून बसला होता. मी ठामपणे नको म्हणालो. एका ट्रॅकवरची इफेक्टची साखळी बहुधा प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालते, म्हणून कोअर किती यापेक्षा एकेक कोअर किती चपळ हे आधी पाहिलं. रेकॉर्ड केलेल्या स्वरांवर चालणाऱ्या नमुना-वाद्यांच्या प्रत्येक स्वराची सुरुवात रॅममध्ये राहते आणि उरलेला भाग डिस्कवरून ओढला जातो. त्यासाठी ३२ जीबी रॅम आणि एसएसडी. साध्या रेकॉर्डिंगला मात्र जागा फारशी लागत नाही: २४ बिटचा एक माइक मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास.

खरी डोकेदुखी पंख्याची. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पातळ लॅपटॉप तापला की स्वतःच वेग कमी करतो. म्हणून डेस्कटॉपच ठरवला; कॅबिनेटला जाळीचं तोंड आणि मोठे, सावकाश फिरणारे १२० मिलिमीटरचे पंखे घेतले. तरी माइक ती घरघर पकडायचाच. शेवटी भिंतीला भोक पाडून कॅबिनेट पलीकडच्या बोळात ठेवलं. इंटरफेसची यूएसबी केबल पाच मीटरच्या आत ठेवावी लागते, म्हणून भोक टेबलाच्या अगदी मागे पाडलं. माझ्या मते या साऱ्या खर्चात सर्वांत सार्थकी लागले ते गवंड्याला दिलेले पैसे.

एवढं करूनही स्पीकरमध्ये गुंइं चालूच. आपल्या विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ. हा सूर खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर पडतो, आणि त्याच्या दुपटी-तिपटी तानपुऱ्याशी भांडतात. महिनाभर मी केबली बदलत राहिलो. वायरमननं सॉकेट उघडलं तेव्हा अर्थिंगची हिरवी वायर आत नुसती लोंबकळत होती, कशालाच न जोडलेली. अंगणात खड्डा खणून कोळसा आणि मीठ घातलं, पट्टी पुरली, वायर जोडली. गुणगुण गेली. लाईट जाण्याचा भरवसा नाही म्हणून यूपीएसही घेतला. काम सेव्ह करण्यापुरती दहा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ.

पुढच्या बैठकीला मामा रात्री दहानंतर आले. उसाचा हंगाम होता. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर टेप लावून गेला, तो लांब जाईपर्यंत आम्ही गप्प बसलो. मग त्यांनी हेडफोन चढवला, एक थाप मारली. डोळे मिटले. पुन्हा एक. मी श्वास धरून होतो.

"धुम कोरडी बोलतीय," ते म्हणाले. "कणीक वाळली बघ. जरा पाणी आण."